पिवळं ते पास

भुजंग : छत्तीसचा हाय, एकोणचाळीसचा हाय. मधले दोन कागद कुठं गेले, मल्हारीमामा? सगळी फाईल उलटीपालटी केली मी.

मल्हारी : कोणते दोन?

भुजंग : सदतीस अन् अडतीस. मला आता सदतीस पाहिजे, जल्दी. पाटकर साहेब फोनवर फोन करून राह्यलेत.

मल्हारी : मुंबईचे पाटकर साहेब? नऊ महिन्यांनी त्या मालाचं काय निघालं?

भुजंग : आपलं नाव निघालं, मामा. कोकणाच्या बाजूला तेलाचं एक जहाज बंद पडलंय कालपासून. इंजन गेलं. वारा त्याला खडकाकडं ढकलून राह्यला. वढून न्यायला दुसरी बोट निघालीय, टग म्हणतात तिला. चार वाजता पोचणार. आता जहाजाच्या मागच्या अंगाला ती वढायची पेटी असती ना, दोर, साखळी अन् शॅकल? त्याच्यातली शॅकलची कडी आपली हाय. जालन्याची. सदतीस नंबर.

मल्हारी : मागच्या अंगाला सदतीस.

भुजंग : हां. टगचा कॅप्टन म्हणतो, दोर घ्यायच्या आधी मला त्या कडीचा टेस्टिंगचा कागद दाखवा. एक फोटो पाठवला की झालं. अन् तुमी असे उभे राह्यलेत जसं काई मी तुमचा कागद मागतो.

मल्हारी : किती वाजलेत?

भुजंग : अडीच. कागद, मामा.

मल्हारी : सदतीसचा कागद न्हाई, मालक.

भुजंग : हरवला?

मल्हारी : झालाच न्हाई. सदतीस अन् अडतीस मी मशीनवर चढवलेच न्हाईत.

भुजंग : काय बोलता? चाळीस नग गेले. चाळीसच्या चाळीस पिवळे होते. मी सोता एकेक बघून गाडीत घातले. तुमचाच नियम हाय, मशीननी खेचून उतरलं की बोटभर पिवळा रंग. पिवळं ते पास.

मल्हारी : बनवल्ते किती? आठवा.

भुजंग : चाळीसच. न्हाई... बेचाळीस. दोन जादा बनवल्ते.

मल्हारी : कामून बनवल्ते जादा?

भुजंग : तुमी म्हणले म्हून.

मल्हारी : अष्टमीला सकाळी सदतीस-अडतीस भट्टीत होते तवा लाईट गेल्ती. भट्टी थंडी पडली, त्यांला पाणी बराबर बसलं न्हाई. वरून बघाल तं एक नंबर, आतून कच्चे. म्हून त्यांच्या बदल्यात एकेचाळीस-बेचाळीस केले. ते खेचले, पास झाले, पिवळे केले. ह्या तेलाच्या ड्रममागं बघा.

भुजंग : काय हाय तिथं?

मल्हारी : बघा तं.

भुजंग : एकेचाळीस. अन् हा बेचाळीस. हे इथं कसे काय?

मल्हारी : तुमी चाळीस पिवळे मोजले अन् थांबले. त्या चाळीसात कच्चे दोन गेले. उरलेले पक्के दोन कोणी तरी ह्या ड्रममागं सारले.

भुजंग : कच्चे पिवळे कसे होतील? रंगाचा डबा तुमच्या कपाटात, चावी तुमच्या करदोड्याला.

मल्हारी : तेच मला उमगलं न्हाई आजपर्यंत.

भुजंग : आजपर्यंत? हे तुमाला कधी कळलं?

मल्हारी : दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी. गावाहून, धावड्याहून आलो तवाच.

भुजंग : मामा.

मल्हारी : कच्चे दोन मी कोपऱ्यात पोत्यावर ठेवल्ते. येऊन पाह्यलं तं पोतं रिकामं. म्हटलं भंगारात गेले असतील. मंग ड्रममागं हे दोन दिसले, नंबर वाचले अन् कळलं कोणते दोन गेले. तुमाला विचारलं, माल बराबर गेला का. तुमी म्हणले, चाळीसच्या चाळीस, पाटकर साहेब खूष, पुढची ऑर्डर दुप्पट. पेढा ठेवला तुमी माझ्या हातावर. मी तो खाल्ला. भेलो मालक, दुसरं काय सांगू.

भुजंग : अन् नऊ महिने गप बसले.

मल्हारी : तुमीच एकदा सांगितल्तं, ही पेटी जहाजावर नुसती ठेवावी लागती, कायदा हाय म्हून. जहाज म्हातारं होऊन मोडीत निघतं तरी पेटी कोणी उघडत न्हाई. त्या एका गोष्टीवर मी नऊ महिने झोपलो.

भुजंग : आता उघडली ना पेटी.

मल्हारी : आता उघडली.

भुजंग : थांबा. मला इचार करू द्या. एकेचाळीसचा कागद तं हाय ना?

मल्हारी : हाय.

भुजंग : काढा. वरचा नंबर अंगठ्याखाली झाकू अन् फोटो काढू. न्हाई तं कोरा कागद घ्या, तेच आकडे लिहा, वर सदतीस टाका. कॅप्टन काय जालन्याला येऊन बघणार हाय?

मल्हारी : अन् कडी?

भुजंग : कडी धरील. आपण लागती त्याच्या दुप्पट मजबूत करतो, का न्हाई?

मल्हारी : पाणी बसलेल्या लोखंडाची गोष्ट हाय ती. कच्च्याची न्हाई. ते धरील बी. न्हाई बी धरणार. मला सांगता येत न्हाई म्हून तं मशीन हाय आपल्याकडं.

भुजंग : मामा, अठरा माणसं ह्या शेडवर जगून राह्यलीत. कुंभार पिंपळगावचं रान इकून मी हे वाढवलं. आज तोंडातून शब्द गेला तं उद्यापासून जालन्यातल्या कोणाचीच कडी बंदरावर कोणी घेणार न्हाई. माझी तं बिलकुल न्हाई.

मल्हारी : जहाजावर माणसं किती?

भुजंग : बावीस.

मल्हारी : अन् मागच्या अंगाला, त्या पेटीजवळ?

भुजंग : दोर सोडायला दोघं-तिघं असतीलच.

मल्हारी : कडूबाला तुमी पाह्यलंय.

भुजंग : मामा, आता कडूबाचं नका काढू.

मल्हारी : मला सख्खा भाऊ एकच हाय. शहागडला पुलाखाली ट्रक फसल्ता, क्रेननी वढत होते. ह्याचा काय संबंध? मेंढरं पाणी प्यायला नेल्ती, तमाशा बघत उभा राह्यला. कडी तुटली अन् दोर उलटा आला. तो म्हणतो, मला काई लागल्यासारखंच वाटलं न्हाई, खाली पाह्यलं तं पाय गुडघ्यात न्हाई. त्याच्यासाठी मी हे मशीन शिकलो. तुमच्या वडलांनी मला इचारल्तं, मेंढरामागचा गडी तू, तुला हे कामून शिकायचं. मी त्यांला कडूबा दाखवला.

भुजंग : मंग नऊ महिने कडूबा कुठं गेल्ता तुमचा?

मल्हारी : घरीच होता. मी त्याच्यासमोर बसून जेवत होतो.

दुर्गाबाई : जेवायचं नाव तरी काढलं कोणी. डबा तसाच हाय दोघांचा. अडीच वाजून गेले, भाकरी वाळून राह्यली अन् तुमी फायली पसरून बसलेत. कोण बावीस रे भुजंग? दारात आवाज आला.

भुजंग : काई न्हाई, माय. कामाचं हाय. तू घरी जाय.

दुर्गाबाई : घर काय कोसावर हाय? भिंतीपलीकडं हाय. मल्हारी, तू सांग. तुझं तोंड असं पांढरं कामून पडलं?

मल्हारी : काकू, दसऱ्याच्या येळंचा माल होता ना, त्या नालासारख्या कड्या. त्याच्यातल्या दोन खराब कड्या चुकून पुढं गेल्या. आता त्याच्यातली एक समुद्रात कालपासून बंद पडलेलं तेलाचं जहाज वढायला लावून राह्यलेत, बावीस माणसं हायेत त्याच्यावर.

दुर्गाबाई : जहाज बी वढतात?

मल्हारी : चिखलात फसलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरनी वढतो ना, तसंच. मधी ही कडी. ती तुटली तं दोर उलटा फिरतो, अन् जहाज खडकावर.

दुर्गाबाई : अन् खराब कड्या तुमी इकल्या?

भुजंग : जाणून न्हाई, माय. मामांनी त्या कोपऱ्यात पोत्यावर काढून ठेवल्त्या. त्या पिवळ्या कशा झाल्या तेच कळंना.

दुर्गाबाई : कोणत्या कोपऱ्यात?

मल्हारी : भिंतीकडच्या. टेबलापासून लांब.

दुर्गाबाई : खिडकीखाली. दोन होत्या, एकावर एक.

मल्हारी : तुमाला कसं ठावं?

दुर्गाबाई : खंडेनवमीला पूजा कोण करतं ह्या शेडात? पहाटं आले तं टेबलावर सगळ्या कड्या मांडलेल्या, वळीनी, झेंडूच्या माळा घातलेल्या. तुमची मशीनं बी पुसलेली. अन् ह्या दोघी कोपऱ्यात, पोत्यावर. मला वाटलं पोरांनी इसरल्या. पंगत बसलीय अन् दोन लेकरं बाहेर राह्यलीत, असं दिसलं ते. म्हटलं, त्यांनी काय केलंय. हळद लावली.

भुजंग : हळद.

दुर्गाबाई : तेलात कालवून. लोखंडाला कोरडी हळद धरत न्हाई. चांगली बोटभर लावली. अन् मंग उचलून टेबलावर ठेवल्या, बाकीच्यांसोबत. चांगल्या जड होत्या.

मल्हारी : काकू, त्यांच्यावर खडूनी फुली होती.

दुर्गाबाई : ती फुली होती? मला वाटलं पोरांनी काई गिरवलं. पदरानी पुसून घेतलं. घाणीवर हळद लावत्यात का?

मल्हारी : चूक तुमची न्हाई. मी त्या तोडायला पाहिजे होत्या. कच्ची कडी घणानी तोडून टाकायची, ठेवायची न्हाई, असं थोरल्या मालकांनी शिकवल्तं मला. पण अष्टमीला नवे दोन खेचून होस्तोवर संध्याकाळ झाली, दुसऱ्या दिवशी नवमी. हत्यारं पूजेला बसलेली. त्या दिवशी लोखंडावर घण कोण घालील? म्हटलं, गावाहून आल्यावर तोडू. खडूनी फुली मारली अन् एसटी धरली.

भुजंग : अन् दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी राह्यली. तुमी न्हाईत. मी पिवळ्या मोजल्या. नंबर वाचलेच न्हाईत. चाळीस पासचा कागद टाईप केला अन् खाली सही केली.

दुर्गाबाई : मंग आता? जहाजाचं काय?

भुजंग : तेच चाललंय, माय.

दुर्गाबाई : काय चाललंय? तू तं कागद शोधून राह्यलास. त्या लोकांला सांगितलं का न्हाई?

मल्हारी : मालक, जहाजाला पुढं बी पेटी असती का न्हाई?

भुजंग : असती. पुढं एक, मागं एक.

मल्हारी : पुढच्या पेटीत कोणता नंबर हाय?

भुजंग : पाटकर साहेबांनी यादी टाकलीय... पुढं नऊ.

मल्हारी : नऊ पक्का. नऊ मी खेचलाय. त्याचा कागद बी हाय.

भुजंग : मागची पेटी तयार असती, मामा, दहा मिनिटांत दोर बाहेर. पुढची साखळी बांधायला दीड तास लागतो, तो बी समुद्र शांत असला तं. ते म्हणतील, कामून पुढून? मंग काय सांगू?

दुर्गाबाई : जे झालं ते सांग.

भुजंग : लावतो. मी लावतो फोन, थांबा. बोलायचं ते मी बोलतो, मधी कोणी बोलू नका. ...हॅलो, साहेब. भुजंग बोलतो, जालन्याहून. हां, तेच बघून राह्यलो. साहेब, एक काम करा ना, पुढची पेटी वापरायला सांगा त्यांना. नऊ नंबरचा कागद हाय हातात, आता पाठवतो. ...न्हाई, तसं काई न्हाई. सदतीसचा कागद जरा मागंपुढं झालाय. ...न्हाई न्हाई, माल बराबर हाय. ...हां. ...हां, ते खरं हाय. ...कळवतो. ठेवतो.

दुर्गाबाई : काय म्हणले?

भुजंग : म्हणले, निव्वळ कागद सापडत न्हाई म्हून कोणी पुढं जात न्हाई. चाळीस पासचा तुझ्या सहीचा एकत्र कागद आमच्याकडं हाय, तोच कॅप्टनला दाखवतो. मागूनच घेतील.

मल्हारी : माल बराबर हाय म्हणले तुमी.

भुजंग : तोंडातून गेलं, मामा. मला आयुष्यात माल खराब हाय म्हणायची सवय न्हाई.

दुर्गाबाई : आण तो फोन इकडं.

भुजंग : माय, तुला त्यातलं काई कळत न्हाई.

दुर्गाबाई : हळदीतलं कळतं. लाव. अन् धर माझ्या कानाला. ...कोण बोलतंय, पाटकर का? मी दुर्गाबाई, भुजंगची आई. तुमाला आई हाय का? बरं. मंग ऐकून घ्या. तुमच्या जहाजाला जी कडी लावली, मागच्या बाजूला, ती कच्ची हाय. पिवळी दिसती ती रंगानी न्हाई, माझ्या हळदीनी. नवमीच्या पूजेला मी लावली. ...हळद. हां, खायची. ...न्हाई, येडी न्हाई झाले मी. तुमी तुमच्या घरी दसऱ्याला गाडीला लावता का न्हाई? तशीच. ती कडी आमच्या माणसानी बाजूला काढून ठेवल्ती, फेकायला. मला कळलं न्हाई, मी तिला बाकीच्यात नेऊन ठेवलं. माझ्या लेकाला हळद अन् रंग वळखू आला न्हाई. तिला मशीनवर खेचलेलं न्हाई. तिच्यावर बावीस माणसं टांगू नका, बाबा. पुढून वढा. ...हां, हाय इथंच. देते.

भुजंग : साहेब. ...हो. खरं हाय. ...हो, मी मोजले, मी पाठवले. नंबर न वाचता सही केली. ...मघाशी खोटं बोललो. ...हो, अडतीस बी तशीच हाय. कोणत्या जहाजावर गेली ते तुमच्याकडं असल. ...जे करायचं ते करा साहेब, लिहून द्यायला मी तयार हाय. पण आधी कॅप्टनला फोन करा. तीनला पाच कमी हायेत. ...हो. नऊचा कागद ह्या मिनिटाला पाठवतो.

मल्हारी : हा घ्या नऊ. उजेडात धरा, सावली पडून राह्यली.

भुजंग : गेला.

मल्हारी : पोचला का?

भुजंग : दोन रेघा आल्या. ...निळ्या झाल्या.

(चार वाजून जातात. मल्हारी उठून शेडमधली मशीनं एकेक करून बंद करतो.)

दुर्गाबाई : मशीनं कामून बंद केली?

मल्हारी : फोन वाजला तं ऐकू यायला पाहिजे, काकू.

दुर्गाबाई : भाकरी खाऊन घ्या दोघं.

भुजंग : नको, माय.

दुर्गाबाई : तिकडं ती माणसं जेवली असतील का रे?

भुजंग : ठावं न्हाई.

दुर्गाबाई : कालपासून अडकलीत म्हणता तुमी. तेलाचं जहाज म्हंजे चूल बी पेटवत नसतील.

मल्हारी : काकू, तुमी बसा. पाटावर बसा. कवाच्या उभ्या हायेत.

दुर्गाबाई : मल्हारी, तू मला त्या दिवशी सांगून गेला असतास, काकू, त्या दोघींला हात लावू नका. एवढं तं म्हणायचं होतं.

मल्हारी : पहाटं तुमी येऊन पूजा करता, मी आदल्या रातच्या एसटीनी गेल्तो. आलो तवा बी विचारता आलं असतं. विचारलं न्हाई. विचारलं असतं तं उत्तर आलं असतं, अन् मला ते नको होतं.

भुजंग : पाच वाजले. एक तास होऊन गेला टगला.

दुर्गाबाई : तू लाव ना फोन.

भुजंग : त्यांची लाईन अडवायची न्हाई, माय. बसा.

मल्हारी : वाजला. मालक, वाजला.

भुजंग : हॅलो. हां साहेब. ...हां. ...हां. ...कधी? ...वळलं का? ...हां. ...बरोबर हाय साहेब. तुमी म्हणाल तसं. ...हो, सगळे चाळीस. ...न्हाई, त्याच्याबद्दल काई म्हणायचं न्हाई मला. ...ठेवतो.

दुर्गाबाई : बोल की.

भुजंग : पुढून दोर घेतला. साडेचारला ताण बसला. नऊ नंबरनी धरलं, मामा. जहाजाचं तोंड वळलं, खडकापासून लांब चाललंय. हळूहळू, पण चाललंय.

मल्हारी : माणसं?

भुजंग : एकाचा हात पुढं साखळी लावताना चेंगरलाय. बाकी ठीक हायेत. हात राहील म्हणतात.

दुर्गाबाई : राहील ना? नक्की म्हणले ना?

भुजंग : राहील म्हणले, माय.

मल्हारी : मागून घेतलं असतं तं दहा मिनिटांत झालं असतं. साखळी लावावीच लागली नसती.

भुजंग : सदतीस तुटली असती तं?

मल्हारी : ते आता कोणाला कळणार न्हाई. तिला खेचून बघितल्याशिवाय.

भुजंग : तीच परत पाठवणारेत. जहाजाच्या कॅप्टननी पेटीतून काढून बाजूला ठेवलीय, वर खडूनी फुली मारून.

मल्हारी : रंगानी मारा म्हणावं. खडूनी नको.

भुजंग : सांगतो. सगळे चाळीस परत बोलावलेत, जिथं जिथं गेलेत तिथून. अडतीस कुठल्याशा दुसऱ्या जहाजावर हाय, तिला गाठायला चार दिवस लागतील. पुढच्या ऑर्डरीचं त्यांनी काई म्हटलं न्हाई, मी बी विचारलं न्हाई. सही करणाऱ्यावर कारवाई होईल म्हणले.

दुर्गाबाई : होऊ दे. चार दिवस ती दुसरी पेटी उघडू नये एवढंच.

मल्हारी : मालक, उद्या येऊ का मी?

भुजंग : कामून असं विचारता?

मल्हारी : नऊ महिने मी गप बसलो, अन् तिकडं एकाचा हात चेंगरला.

भुजंग : अन् मी अडीच वाजता नंबरावर अंगठा ठेवायला निघाल्तो. या उद्या. चाळीस नग परत येतील, ते मशीनवर कोण चढवील? मला तं येत न्हाई.

मल्हारी : सदतीस-अडतीस आल्या की घण मी घालीन. कोणता बी दिवस असू दे.

भुजंग : घाला. ह्या दोघींचं काय करायचं, एकेचाळीस-बेचाळीस?

मल्हारी : ठेवा टेबलावर. त्यांचं काई चुकलं न्हाई.

दुर्गाबाई : मल्हारी.

मल्हारी : जी, काकू.

दुर्गाबाई : औंदा नवमीला हळद तू लाव. कोणाला लावायची ते तुला कळतं. मी दारातूनच हात जोडीन.